लोअर परळची एकदांडी

आज आपण एका फुलाविषयी बोलणार आहोत, आणि त्या फुलाच्या निमित्ताने एका जागेविषयी. फूल तुमच्या रोजच्या पायाखालचं आहे. जागेचं नावही तुम्ही घरात ऐकलेलं असेल, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस कधीकाळी तिथं कामाला होता. फूल आहे एकदांडीचं आणि जागा आहे मुंबईतली लोअर परळ.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. दिवाळी झाल्यावर आम्ही तिघीजणी मुंबईला गेलो होतो. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई बरोबर होत्या. सासरे गिरणीत साचेखात्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. गिरणी कामगारांच्या घरासाठी वारस म्हणून केलेल्या अर्जाचे काही कागद पुरे करायचे होते, म्हणून ही खेप होती. त्या दिवशी काम झालं नाही, आणखी एक दाखला आणायला सांगितला. दुपारी लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवाराच्या भिंतीशी सावली बघून बसलो आणि भाकरी सोडली. सासूबाईंचा हात भिंतीच्या बुडाशी गेला आणि त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आपली एकदांडी. ही हितं कधी आली?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. गावी आल्यावर आम्ही विचारपूस केली, वाचलं, जाणत्यांशी बोललो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो आहोत.

हातात घेऊन बघा

आधी फूल नीट बघू. जमलं तर आत्ताच उठून एक रोप घेऊन या. लांब जावं लागणार नाही. परड्यात, बांधावर, शाळेच्या कुंपणाशी, ओट्याच्या फटीत, कुठं ना कुठं ती असतेच, आणि पाणी मिळालं तर बारा महिने फुललेली असते.

खोड बारीक आणि लवदार. ते जमिनीवर आडवं पसरतं आणि टोकाशी वर उठतं. जिथं पेर जमिनीला टेकतं तिथं मुळं फुटतात. म्हणून घाईने ओढलं, की अर्धा तुकडा मातीत राहतो आणि पुन्हा वाढतो. पानं समोरासमोर, कडेला मोठे मोठे दाते, हात फिरवला तर खरखरीत. या पसाऱ्यातून वीतभर, कधी त्याहून उंच, अशी एक सडपातळ दांडी सरळ वर जाते. तिच्यावर एकही पान नसतं. शेंड्याला एकच फूल. एका दांडीला एक फूल, म्हणून एकदांडी.

तिला आणखीही नावं आहेत. कुणी दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी, कुणी जखमजुडी. शास्त्राच्या पुस्तकात तिचं नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असं आहे. त्यातल्या प्रोकम्बेन्सचा अर्थ जमिनीवर पसरणारी. इंग्रजीत तिला कोटाची बटणं अशा अर्थाचं नाव आहे.

आता फूल तळहातावर ठेवा आणि नखाने हळूच सोडवा. कडेला पाचेक पाकळ्या दिसतील, दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारख्या फिक्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते असतात. पण ही पाकळी म्हणजे नुसती पाकळी नाही, ते एक स्वतंत्र फूल आहे, फक्त मादी फूल. मधला पिवळा गोंडा सोडवलात, तर बारीक बारीक नळ्या सुट्या होतील. त्यातली प्रत्येक नळीही एक फूलच. तिच्यात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. म्हणजे ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो कितीतरी फुलांचा गुच्छ आहे. एका छपराखाली नांदणारं मोठं खटलंच म्हणा.

अशी रचना असलेल्या झाडांचं एक कूळ मानतात. त्याला सूर्यफुलाचं कूळ म्हणतात. जगात या कुळात वीस हजारांहून जास्त जाती आहेत. आपल्या ओळखीच्या किती निघतात बघा. शेतातलं सूर्यफूल आणि करडई, ज्याची चटणी करतो ते कारळे, दसऱ्याचा झेंडू, देवाची शेवंती, केसांच्या तेलात घालतो तो माका, जांभळ्या गोंड्यांची सहदेवी, पावसाच्या शेवटी सह्याद्रीचे पठार पिवळे करणारी सोनकी. ज्याने आपल्या हाताला खाज सुटते ते गाजरगवतही याच कुळातलं. त्याच्याकडे पुढे येऊच.

फूल वाळलं, की त्या जागी करड्या केसांचा गोल गोंडा तयार होतो. प्रत्येक बी काळपट, लांबट, दाण्याहूनही बारीक, आणि तिच्या डोक्यावर पिसासारख्या केसांचा तुरा. वारा आला की बी उडाली. एका झाडाला शेकड्याने, कधी हजारावर बिया धरतात. या बियांना रुजायला उजेड लागतो. मातीत खोल दबलेलं बी तसंच पडून राहतं, उघड्यावर ऊन लागलेलं बी पावसाच्या चार सरींत रुजतं. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी हकिगत तिच्यावर उभी आहे. एकदांडीला सुपीक जमीन नको, खत नको, राखण नको. तिला उघडी जमीन आणि ऊन हवं. दाट सावलीत ती टिकत नाही.

ती मूळची कुठली

आपण तिला आपली म्हणतो, पण एकदांडी मूळची या देशातली नाही. तिचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. १७५३ साली लिनिअस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने जगातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला, त्यात तिला आजचं शास्त्रीय नाव दिलं. पुढे जहाजांची ये-जा वाढली, तशी ती उष्ण हवेच्या देशांत सगळीकडे पसरली.

यात नवल वाटून घेऊ नका. आपल्या ठेच्यातली मिरची अमेरिकेतली आहे. बटाटा, टोमॅटो, पेरू, मका, भुईमूग, काजू ही सगळी तिकडून आलेली. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडूही मेक्सिकोकडचा. फरक इतकाच, की मिरची नि झेंडू माणसाने हौसेने आणून लावले. एकदांडी कुणी लावली नाही. माणूस जिथं जिथं जमीन उकरत गेला, तिथं तिथं ती मागून आली.

सगळ्यांनाच ती आवडते असं नाही. अमेरिकेच्या सरकारने तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातलं आहे. आपल्याकडेही भाजीच्या वाफ्यात ती माजली, की आपण खुरप्याने काढतोच. पण बांधावर, वाटेवर तिचे उपयोग आहेत. शेळ्या-मेंढ्या तिला तोंड लावतात, ससे पाळणारे तिचा पाला घालतात. बारीक निळी आणि पिवळी फुलपाखरं, मधमाश्या तिच्या फुलावर सारख्या येतात. इतर रानफुलं सुकलेली असतात अशा दिवसांतही ती फुललेली असते, म्हणून किड्या-पाखरांना तिचा आधार होतो.

आणि जखमजुडी हे नाव तिला उगाच मिळालेलं नाही. गवत कापताना विळा लागला, की पाला चोळून रस लावायचा, हे आपल्या आज्यांनी केलेलं आपण पाहिलं आहे. १९८२ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च या मासिकात यावर एक अभ्यास छापून आला होता. उंदरांच्या जखमांवर एकदांडीचा काय परिणाम होतो, हे त्यात तपासलं होतं. त्यानंतरही बरेच प्रयोग झाले आणि तिच्यात जखम भरायला मदत करणारे गुण दिसले. पण मैत्रिणींनो, उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसाचं औषध नव्हे. खरचटलं असेल तर आधी स्वच्छ पाण्याने धुवा. जखम खोल असेल, लोखंड किंवा शेणमाती लागली असेल, तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. साखरेचा आजार असणाऱ्यांनी पायाच्या जखमेवर घरचा उपाय करत बसू नये. आणि गटाराच्या कडेचा, फवारा मारलेल्या जागेचा पाला जखमेला लावू नये.

भराव, रूळ आणि गिरण्या

आता लोअर परळला जाऊ. एकदांडी उघड्या, उकरलेल्या जमिनीवर येते, हे आपण पाहिलं. लोअर परळच्या जमिनीइतकी वरखाली झालेली जमीन मुंबईतही थोडीच असेल.

मुंबई पूर्वी सात बेटांची होती. परळ एक बेट, वरळी दुसरं. मधल्या सखल भागात भरतीचं पाणी शिरायचं, ओहोटीला चिखल उरायचा. कोकणातल्या मैत्रिणी याला खाजण म्हणतील. १७८० च्या दशकात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना सुरू झालेला बांध पुरा झाला आणि आजच्या हाजी अली-महालक्ष्मीच्या बाजूने आत येणारं समुद्राचं पाणी अडलं. आतली जमीन हळूहळू कोरडी होत गेली. पुढे कित्येक वर्षं तिच्यावर भराव पडत राहिला, त्यात शहराचा केरकचराही होता. म्हणजे लोअर परळची बरीचशी जमीन निसर्गाने दिलेली नाही, ती टाकून टाकून झालेली आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि ती परळच्या बाजूने गेली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पश्चिमेकडची दुसरी रेल्वेही आली. आज लोअर परळ स्टेशन एका रेल्वेवर आणि करी रोड दुसऱ्या रेल्वेवर आहे. पायी गेलं तर दोन्हींत काही मिनिटांचं अंतर. रुळाखाली खडी, कडेला भराव, वर ऊन, आणि रेल्वेची माणसं झुडुपं वाढू देत नाहीत. एकदांडीला याहून सोयीची जागा कोणती? आजही त्या रुळांच्या कडेला ती भरपूर दिसते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी हा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला आणि त्याला गिरणगाव हे नाव पडलं. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. या गिरण्यांत हात कुणाचे होते? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांचे. पुरुष तिकडे गेले, पाळीच्या भोंग्यावर उठू-झोपू लागले. डिलाईल रोडवर १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. खोली एकशे साठ चौरस फुटांची आणि एकेका खोलीत गावाकडची किती माणसं राहायची, याला मोजमाप नव्हतं.

बायकाही गिरणीत होत्या. वायंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामात, बहुतेक त्याच असत. त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीण असायची. या बायकांमुळेच १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. बाकीच्या बायका गावी राहिल्या. मनिऑर्डर येईपर्यंत घर चालवायचं, शेत करायचं, सासूसासरे सांभाळायचे, हे त्यांच्याकडे होतं. गिरणीच्या पगारावर गावची शेती टिकली आणि गावच्या तांदूळ-ज्वारीवर गिरणीतला माणूस टिकला. लोअर परळचा इतिहास म्हणजे आपल्याही घरचा इतिहास आहे, तो असा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुन्हा थोड्याफार सुरू झाल्या, पुष्कळ आजारी पडल्या, एकेक करून बंद झाल्या. सासूबाई सांगत होत्या, "त्या वर्षी हे गावी आले ते पेटी घेऊनच. दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. बांधावर जाऊन बसायचे." पेटी म्हणजे कपड्यांची पत्र्याची पेटी. ती घेऊन आलेला माणूस परत जाण्यासाठी आलेला नसतो, हे गावात सगळ्यांना कळायचं.

ज्या आवारात तीन पाळ्यांत हजारो पावलं उमटत होती, तिथं पाऊल पडायचं थांबलं. पत्रे गेले, ऊन आत आलं, फरशांच्या फटी रुंदावल्या. चिमणीच्या विटांत पिंपळ रुजला. अंगणात टाकळा, ओसाडी, सहदेवी आणि आपली एकदांडी. रोज झाडलं जाणारं आवार रान होऊन गेलं.

मोकळी जमीन म्हणजे कोणती

आता जे सांगणार आहोत ते थोडं कायद्याचं आहे, पण सोपं आहे. नीट ऐका, कारण यातलं दुखणं आपल्या गावातही होऊ शकतं.

गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. मुंबईसारख्या शहराच्या मधोमध एवढी जागा. १९९१ साली सरकारने विकास नियंत्रण नियमावली केली. तिच्यातला अठ्ठावन्नावा नियम गिरण्यांच्या जमिनीविषयी होता. त्याचा ढोबळ अर्थ असा, की गिरणीच्या जागेवर दुसरं काही करायचं असेल, तर जमिनीचे तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला गरिबांच्या आणि कामगारांच्या घरांसाठी आणि एक मालकाला.

२००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. मोकळी म्हणजे कोणती? तर ज्या जागेवर आधीपासूनच काही बांधकाम नव्हतं तेवढीच. गिरणीची शेड पाडून जी जागा उघडी होईल, ती वाटणीत धरायची नाही. आता गिरणी म्हटलं की आवाराचा बहुतेक भाग शेडखालीच असणार. त्यामुळे बागेसाठी आणि घरांसाठी मिळणारी जमीन फारच कमी झाली. नियमातला शब्द एकच, त्याचा अर्थ तेवढा बदलला.

याविरुद्ध पर्यावरणासाठी काम करणारी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था कोर्टात गेली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली. २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. त्यांत ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन याच भागातल्या. आज तिथं काचेचे मनोरे आहेत, कचेऱ्या आहेत, मोठी दुकानं आहेत. फिनिक्स मिलची चिमणी मात्र दुकानांच्या गर्दीत अजून उभी आहे.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी काही घरं बांधली गेली. त्यांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्ज दीड लाखाच्या घरात होते आणि घरं त्या मानाने थोडी. कितीतरी अर्जांवर मूळ कामगाराच्या जागी आता त्याच्या बायकोचं किंवा मुलांचं नाव आहे. आमच्या सासूबाई त्यांतल्याच एक.

आता एकदांडीकडे परत येऊ. कायद्याने जिला मोकळी जमीन म्हटलं नाही, त्या जागेवरची शेड पडल्यावर ती उघडी झाली. तिच्यावर ऊन पडलं आणि एकदांडी उगवली. झाडाच्या लेखी ती मोकळीच होती. पुढे पाया खणला गेला, मनोरा उठला, त्याची सावली पडली, भोवती फरसबंदी आणि विकतची हिरवळ आली. एकदांडी भिंतीच्या बुडाशी, रुळाच्या कडेला, फुटपाथच्या फटीत गेली. तिला काही फरक पडला नाही, ती दुसरीकडे रुजली. फरक माणसांना पडला. ज्या मुलांना तिथं मैदान मिळायचं होतं आणि ज्या बायकांना तिथं खोली मिळायची होती, त्यांना दुसरीकडे रुजणं इतकं सोपं नाही.

सासूबाईंचा प्रश्न होता, ही इथं कधी आली? आमचं उत्तर असं, की तिचं येणं एकदाच झालेलं नाही. तिथली जमीन जेव्हा जेव्हा उघडी पडते, तेव्हा तेव्हा ती येते.

कुळातली दुसरी बहीण

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. परदेशातून आलेली म्हणून एकदांडीला जवळ केलं, तर गाजरगवतानं काय पाप केलं, असं कुणी विचारेल. तेही याच कुळातलं, तेही अमेरिका खंडातलं आणि तेही उघड्या जमिनीवर येणारं. पण दोघींच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाजरगवताची पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, झाड कमरेएवढं, कधी त्याहून उंच, आणि शेंड्याला एका फांदीवर अनेक बारीक पांढरी फुलं. एका दांडीला एक फूल असेल तर ती एकदांडी. पांढऱ्या फुलांचा झुबका असेल तर ते गाजरगवत. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दमा लागतो. गुरं ते खात नाहीत, आणि पोटात गेलं तर दूध कडू होतं.

पुण्यात १९५५ साली ते उकिरड्यांवर दिसलं आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली गेली. ही सोसायटी मुंबईत १८८३ सालापासून काम करते आहे. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात आणि ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. पण गव्हाचा तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला आहे. म्हणजे झाड त्याच्या आधीच पुण्यात पोचलेलं होतं. कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ही ऐकीव गोष्ट तपासता येते. पुढे गाजरगवताची पानं खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८३ साली मुद्दाम भारतात आणला आणि तपासणी करून बंगळूरकडे सोडला. आज तो आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो. पिवळट अंगावर तपकिरी रेघा असलेला हा किडा दिसला तर मारू नका.

गाजरगवत काढायचं ते फुलावर येण्याआधी, पावसानंतर जमीन ओली असताना, मुळासकट. उघड्या हाताने काढू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा आणि नाकातोंडाला फडकं लावा. ज्या बाईला आधीच त्याचा त्रास आहे तिला या कामाला लावू नका, मग मजुरी असो की श्रमदान. काढलेल्या जागी टाकळ्याचं बी फोकलं, तर टाकळा त्याला पुन्हा डोकं वर काढू देत नाही.

आपल्या गावची वही

लोअर परळची गोष्ट इतकी सविस्तर का सांगितली? कारण मोकळी जमीन आपल्याही गावात आहे. गायरान आहे, तळ्याकाठ आहे, शाळेमागची पड आहे, स्मशानाकडची वाट आहे. कागदावर तिला पडीक म्हणतात. एखादा प्रकल्प, एखादं गोदाम, एखादं अतिक्रमण आलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ती जागा तशीही रिकामीच आहे." तिथं आपली शेळी चरते, जळण मिळतं, टाकळ्याची भाजी मिळते, माका आणि सहदेवी मिळते, हे त्या वाक्यात येत नाही. कारण ते कुठं लिहिलेलं नसतं.

लिहिण्याची सोय मात्र कायद्याने केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्या नेमलेल्या सदस्यांत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात, असं २००४ च्या नियमांत सांगितलं होतं. या समितीने गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडं-झुडपं, गवतं, पाखरं, मासे, बियाणी आहेत, ती कुठं आहेत, कशासाठी वापरतात आणि स्थानिक नाव काय, हे सगळं तिच्यात येतं. पुष्कळ गावांत ही वही झालेली आहे, पण ती कपाटात आहे. काही ठिकाणी ती बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरून दिली आहे.

१८३९ साली जॉन ग्रॅहम नावाच्या, मुंबईच्या टपाल खात्यातल्या एका अधिकाऱ्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी पुस्तकरूपाने केली होती. आजही अभ्यासक ती उघडून बघतात. टपालाचं काम सांभाळून त्याने ते केलं. आपण तर या झाडांमध्येच राहतो.

म्हणून बचत गटांना आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीला वसुलीचं काम आटोपलं, की अर्धा तास काढा. ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही दाखवा म्हणा. ती सर्वांना बघता यायला हवी. तिच्यात गायरानाचं नाव आहे का, आणि तिथं काय उगवतं ते आहे का, बघा. नसेल तर गटातल्या म्हाताऱ्या बाईला पुढे घालून एक फेरी मारा. ती ज्या नावाने हाक मारेल तेच नाव लिहा. एकदांडी, जखमजुडी, कंबरमोडी, जे तुमच्याकडे म्हणत असतील ते. शेजारी लिहा, कुठं दिसली, कोणत्या महिन्यात, कोण वापरतं आणि कशासाठी. परदेशी झाडही लिहा, देशीही लिहा. सोनकी, सहदेवी, माका यांची जागा एकदांडीने किंवा गाजरगवताने घेतली असेल, तर तेही लिहा. मग ती यादी ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घ्यायला लावा. उद्या कुणी जागा रिकामी आहे म्हणालं, तर आपल्या हातात कागद असेल.

लोअर परळला असा कागद कुणी केला नव्हता. तिथल्या आवारात काय होतं, पोरं कुठं खेळायची, बायका सुटी झाल्यावर कुठं टेकायच्या, हे आता फक्त आठवणीत आहे, आणि आठवणी सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

सासूबाईंचा राहिलेला दाखला आता मिळाला आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबईची खेप आहे. घर मिळेल की नाही, ते आज सांगता येत नाही. त्या दिवशी भिंतीशी बसल्या बसल्या त्यांनी एकदांडीचे वाळके गोंडे पदराच्या टोकाला बांधून आणले होते. आम्ही म्हटलं, आत्याबाई, ही तर आपल्या बांधावर ढिगाने आहे. त्या म्हणाल्या, "असू दे. ही तिकडची आहे."

परड्यात टाकलेलं ते बी रुजलं आहे. आपल्या बांधावरच्या रोपात आणि त्यात काही फरक दिसत नाही.

पुढच्या कार्यक्रमात तुमच्या याद्या वाचून दाखवू. तुमच्याकडे एकदांडीला काय म्हणतात, ते नक्की कळवा.